लेझर घ्यावा की वेल्डिंग रोबो? आधी बेंडिंगकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत १४ माणसांचं शीट मेटलचं शॉप. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कॅबिनेट, मशीन गार्ड, ब्रॅकेट अशी कामं. पत्रा बहुतेक १.६ ते ३ मिमी, क्वचित ६ मिमीचे बेस. शिअरिंग मशीन, दोन पॉवर प्रेस, हाताने बॅकगेज (पत्रा किती आत ठेवायचा ते ठरवणारा मागचा आधार) लावायचा जुना ८० टनी हायड्रॉलिक प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, आणि पाच सीओटू वेल्डिंग सेट. लेझर कटिंग बाहेरून होतं, पत्रा स्वतःचा देऊन महिन्याचं बिल साधारण १ लाख १० हजार. वेल्डर टिकत नाहीत, ग्राइंडिंगला तीन माणसं बसवली आहेत, लेझरवाल्यामुळे माल उशिरा जातो, ग्राहक रोज फोन करतो. आता ४० लाखांपर्यंत कर्जाची सोय झाली आहे, तर ३ किलोवॅटचा फायबर लेझर घ्यावा की वेल्डिंग रोबो?

माझं मत आधीच सांगतो: या टप्प्यावर दोन्ही नकोत. पहिलं मशीन सीएनसी (संगणकाने नियंत्रित) प्रेस ब्रेक घ्या. हे ऐकून निराशा होईल याची मला कल्पना आहे, कारण लेझर आणि रोबो बघायला आलेल्या ग्राहकावर छाप पाडतात आणि प्रेस ब्रेककडे कोणी वळूनही बघत नाही. पण तुमचा खरा प्रश्न "कोणतं मशीन" हा नाही. माल शॉपमध्ये नेमका कुठे अडतो, हा आहे. तुम्ही लिहिलेल्या माहितीत त्याचं उत्तर अर्धं दडलेलं आहे: कॅबिनेट, जुना बॅकगेज, वेल्डिंगला लागणारा वेळ आणि ग्राइंडिंगला बसवलेली तीन माणसं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मोकळ्या करतो. तुमचं काम १२ ते २५ मिमीच्या प्लेटचं, म्हणजे स्ट्रक्चरल असतं, तर चर्चा प्लाझ्मा किंवा गॅस कटिंग टेबलापासून सुरू झाली असती. शॉप भोसरीऐवजी अशा तालुक्यात असतं जिथून लेझरवाला ७०-८० किलोमीटरवर आहे, तर वाहतूक आणि वाट बघण्याच्या खर्चानेच मी लेझरच्या बाजूने झुकलो असतो. आणि एकाच ग्राहकाचं एकच ब्रॅकेट महिन्याला हजारोंनी जात असतं, तर रोबो आज घ्या म्हणालो असतो. तुमचं तसं नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात लेझर जॉबवर्क करणारे भरपूर आहेत, आणि तुमच्याकडे आयटम खूप, बॅच लहान.

आता बेंडिंग. इथे जरा थांबून बोलतो, कारण पैसा इथेच गळतो आहे.

तुम्ही एअर बेंडिंग करता, म्हणजे पंच पत्र्याला व्ही डायमध्ये (व्ही आकाराच्या खाचेत) किती खोल दाबतो यावर कोन ठरतो. २ मिमी पत्र्याला साधारण १६ मिमीचा व्ही लागतो (जाडीच्या आठपट हा नेहमीचा हिशेब). त्या व्हीमध्ये ९० अंशांच्या आसपास रॅम (पंच बसवलेला वर-खाली होणारा भाग) फक्त ०.१ मिमी खाली-वर झाला, तरी कोनात सुमारे पाऊण अंशाचा फरक पडतो. जुन्या मशीनचं तेल सकाळी थंड असतं आणि दुपारी गरम, रॅमच्या गाइडमध्ये झीज असते, दोन सिलिंडर तंतोतंत बरोबर उतरत नाहीत. मग ०.१ मिमी सांभाळायचा कोणी? त्यात पत्र्याची जाडी कॉइलगणिक थोडी बदलते. तुमचा मिस्त्री हे सगळं डोळ्याने आणि गुण्याने (काटकोन तपासायच्या पट्टीने) सांभाळतो, आणि चांगलं सांभाळत असणार. पण शंभराव्या नगाला त्याचेही हात दमलेले असतात.

एक अंशाची चूक किती मोठी? ३०० मिमीच्या बाजूवर टोकाला ती ५ मिमी होते. कॅबिनेटच्या बॉडीला चार-पाच बेंड असतात. प्रत्येक बेंडला बॅकगेज अर्धा मिमी इकडेतिकडे झाला, तर शेवटच्या कोपऱ्यात दीड-दोन मिमीची फट उघडते. ही फट वेल्डरच्या टेबलावर जाते. तो क्लॅम्प लावतो, हातोडी मारतो, टॅक (वेल्डिंगचा तात्पुरता टाका) करतो, पुन्हा गुण्या लावतो, टॅक तोडतो. मग फट भरायला जास्त वायर घालतो, पातळ पत्र्याला भोक पडतं, पत्रा ओढला जातो, दरवाजा बसत नाही. मग ग्राइंडरवाला येतो. जॉब कार्डावर हे सगळे तास वेल्डिंग आणि फिनिशिंगच्या नावावर लागतात, म्हणून मालकाला वाटतं की वेल्डिंग कमी पडतंय. वेल्डरही कंटाळतो. दिवसभर दुसऱ्याची चूक भरून काढायचं काम कोणाला आवडेल? वेल्डर टिकत नाहीत यामागे पगार हे एकच कारण नसतं.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. दोन आठवडे मोजा. प्रत्येक बॅचसोबत एक साधं कार्ड फिरवा: कटिंग होऊन माल कधी आला, बेंडिंगला कधी लागला, सेटिंगला किती वेळ गेला, प्रत्यक्ष बेंडिंगला किती, वेल्डिंगमध्ये जुळवणीला किती आणि आर्क पेटवून किती, ग्राइंडिंगला किती. हाताने होणाऱ्या वेल्डिंगमध्ये आर्क पेटलेला वेळ साधारण शिफ्टच्या पाव हिस्सा असतो. तुमच्याकडे तो त्याहूनही कमी निघाला, तर निदान पक्कं झालं. आकडे उलटे निघाले, म्हणजे बेंडिंग सरळ आणि वेल्डिंगचे नग खरोखर रांगेत पडलेले, तर माझा सल्ला बदलेल आणि तुम्हीही बदला.

मशीन किती टनी घ्यायचं, याचा हिशेब सोपा आहे. एमएससाठी (साध्या पोलादासाठी) ६५ गुणिले जाडीचा वर्ग, भागिले व्हीची रुंदी, म्हणजे मीटरमागे लागणारे टन. ३ मिमीला २४ चा व्ही: ६५ गुणिले ९ भागिले २४, सुमारे २५ टन प्रतिमीटर. अडीच मीटर लांब बेंडला ६२ टन. ६ मिमीला ४८ चा व्ही धरला तर मीटरला ४९ टनांच्या आसपास, म्हणजे ६ मिमीचा बेस दोन मीटरपर्यंत असेल तर १०० टनांत काम होतं. स्टेनलेसला दीडपट धरा. तुमच्यासाठी १०० ते ११० टन आणि ३ मीटर हे योग्य माप. २०० टनी घेतलं तर पैसे जास्त, वेग कमी आणि छोट्या ब्रॅकेटला उगाच बोजड.

त्यात चार गोष्टींवर तडजोड करू नका. पहिली, दोन्ही सिलिंडरचं स्वतंत्र नियंत्रण, म्हणजे वाय-१ आणि वाय-२, प्रत्येक बाजूला लिनिअर स्केलसकट (रॅमची जागा मोजणारी पट्टी). टॉर्शन बारवर चालणारं मशीन स्वस्त मिळतं आणि त्यावर "सीएनसी" असं लिहिलेलंही असतं, पण तिथे दोन्ही बाजू एका दांड्याने बांधलेल्या असतात आणि तिरकं लोड आलं की कोन बिघडतो. दुसरी, बॅकगेजला पुढे-मागे आणि वर-खाली असे किमान दोन अक्ष. तिसरी, क्राउनिंग, म्हणजे डायखालच्या बेडचं मधलं दबणं भरून काढणारी सोय. तीन मीटरचा बेंड घेताना बेड मधोमध दबतो आणि कोन मध्ये उघडा राहतो. कॅबिनेटच्या दरवाजाला ते लगेच दिसतं. चौथी, बोटांचं संरक्षण करणारा लेझर गार्ड. प्रेस आणि प्रेस ब्रेकवर बोटं गमावलेली माणसं या पट्ट्यात आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हा गार्ड ऑप्शनल म्हणून कोटेशनमध्ये वेगळा दाखवतात आणि भाव घासताना सगळ्यात आधी तोच कापला जातो. कृपया तसं करू नका.

टूलिंगचे, म्हणजे पंच आणि डायचे, पैसे वेगळे बाजूला ठेवा. नवीन मशीनवर जुने, रंधा मारलेले पंच लावले तर अचूकतेचे दिलेले पैसे वाया जातात. ग्राइंड केलेले, तुकड्यांत येणारे पंच घ्या. कॅबिनेटच्या चारही बाजू वाकवताना त्यांच्याशिवाय कोपरे सुटत नाहीत.

आणि एवढी रक्कम आत्ता नकोच असेल तर एक मधला रस्ता आहे: जुन्याच मशीनला सर्वो (मोटरने अचूक सरकणारा) बॅकगेज बसवून घेणं. खर्च फारच कमी. त्याने बाजूची लांबी सुधारेल, कोन सुधारणार नाही. त्याआधी रॅम बेडला समांतर उतरतो का, ते डायल लावून बघा. गाइड झिजले असतील तर हा खर्च करू नका.

मशीन येण्याआधी, अगदी या आठवड्यात करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. स्वतःचा बेंड वजावटीचा तक्ता बनवा, म्हणजे बाहेरच्या मापांच्या बेरजेतून किती वजा करून सपाट पत्रा कापायचा त्याचा. प्रत्येक जाडीचा बरोबर १०० मिमी लांबीचा तुकडा घ्या, मधोमध ९० अंशांत वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजा. समजा ५२ आणि ५१.८ आल्या. बेरीज १०३.८, म्हणजे वजावट ३.८ मिमी. एमएस, जीआय (जस्त चढवलेला पत्रा), एसएस (स्टेनलेस), प्रत्येक जाडी, प्रत्येक व्ही, सगळं लिहून भिंतीवर लावा. सध्या तुमची सपाट ड्रॉइंग बहुधा लेझरवाल्याकडचा मुलगा त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या ठोकळ आकड्याने बनवतो. तो आकडा तुमच्या डायचा नाही. बेंड कितीही अचूक घेतला तरी ब्लँकच (कापून आलेला सपाट पत्रा) चुकीचा असेल तर कोपरा जुळणार कसा? ड्रॉइंग आपल्या तक्त्यावर, आपल्याच शॉपमध्ये बनली पाहिजे. एक कॅड येणारा मुलगा ठेवा. माझ्या मते खरं ऑटोमेशन इथून सुरू होतं, आणि हा पगार मशीनच्या कोणत्याही हप्त्यापेक्षा लवकर वसूल होतो.

आता लेझर का नको, ते हिशेबाने बघू. ४० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं धरली तर हप्ता महिन्याला सुमारे ८५ हजार. त्यावर ऑपरेटर आणि हेल्पर, लेझर, चिलर, कॉम्प्रेसर आणि धूळ ओढणारी यंत्रणा यांची वीज, गॅस, नोझल, संरक्षक काचा, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार). हे सगळं धरून तुमचं आजचं १ लाख १० हजारांचं बिल कधीच मागे पडतं. शिवाय एवढं कटिंग ३ किलोवॅटचं मशीन महिन्याच्या थोड्याच दिवसांत संपवेल. उरलेल्या दिवसांत ते भरायला तुम्हाला बाहेरचं जॉबवर्क शोधावं लागेल, म्हणजे आज ज्यांच्याकडून कटिंग घेता त्यांच्याशीच भावात स्पर्धा. तो वेगळा धंदा आहे. करायचा असेल तर ठरवून करा.

उशीर लेझरवाल्यामुळे होतो असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला रोज सुटे जॉब पाठवण्याऐवजी आठवड्याचे दोन ठरलेले दिवस मागा, एकाच जाडीचे आयटम एकत्र नेस्ट करून (एका पत्र्यावर दाटीने मांडून) द्या. १२५० बाय २५०० च्या पत्र्यात भंगारही कमी पडेल आणि त्याचं सेटिंगही वाचेल. दोन वेंडर ठेवा. नियमित काम देणाऱ्याला स्लॉट मिळतो, हा माझा अनुभव आहे.

पुढे कधी लेझर घ्यालच. निदान एक पूर्ण शिफ्ट भरेल एवढं स्वतःचं कटिंग झालं की घ्या. तेव्हासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एमएस ऑक्सिजनने कापला की कडेवर ऑक्साइडचा थर राहतो. त्यावर पावडर कोटिंग केलं तर कडेपासून रंग सुटतो, आणि तक्रार तुमच्यावर येते. नायट्रोजनने कड स्वच्छ निघते, पण गॅसचा खर्च मोठा. पातळ पत्र्याला कोरड्या, तेलविरहित हवेनेही कापता येतं, त्यासाठी कॉम्प्रेसर आणि ड्रायर चांगला हवा. दुसरी गोष्ट, उघड्या बेडचं स्वस्त मशीन घेऊ नका. फायबर लेझरची तरंगलांबी एक मायक्रॉनच्या आसपास असते. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि बुबुळातून थेट पडद्यावर जातो. जुन्या सीओटू लेझरचा किरण साध्या अॅक्रिलिकने अडत असे, हा अडत नाही. बंद केबिन आणि योग्य काच हवीच.

हाच धोका हल्ली सगळीकडे विकल्या जाणाऱ्या हातातल्या लेझर वेल्डिंगमध्ये आहे. पातळ एसएसवर त्याचं काम खरंच सुंदर होतं, पत्रा ओढला जात नाही, ग्राइंडिंग जवळजवळ लागत नाही. पण तो चौथ्या वर्गाचा लेझर आहे. नेहमीच्या वेल्डिंगच्या काचेवर विसंबून तो चालवायचा नसतो. त्या तरंगलांबीसाठी प्रमाणित चष्मा, चारही बाजूंनी बंद खोली, दार उघडलं की बंद होणारा इंटरलॉक हे सगळं लागतं. परावर्तित किरणाने पलीकडे उभ्या असलेल्या हेल्परचा डोळा जाऊ शकतो. शॉपच्या मध्यावर उघड्यावर हे मशीन चालताना मी पाहतो तेव्हा मला मनापासून भीती वाटते. खोली बांधायची तयारी नसेल तर घेऊ नका.

रोबोचं म्हणाल, तर तो तेच ते अचूकपणे करतो, साधारण ०.०५ मिमीच्या फरकात त्याच जागी परत येतो. जॉब मात्र त्या जागी हवा. जोडाची जागा वायरच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त सरकलेली चालत नाही, हा आमच्याकडचा नेहमीचा नियम. तुमच्या पत्र्याला ०.८ ची वायर, म्हणजे मोकळीक ०.४ मिमी. आज तुमच्या कोपऱ्यात दीड मिमीची फट आहे. वेल्डर ती बघून हात बदलतो, रोबो बदलत नाही. विक्रेता सीम ट्रॅकिंगचं, म्हणजे रोबोने जोड स्वतः शोधण्याचं, नाव घेईल. आर्कमधून जोड शोधणारी पद्धत टॉर्च हलवत नेल्यावरच चालते आणि पातळ पत्र्यावर भरवशाची नसते. वायरने स्पर्श करून जागा शोधणारी चालते, पण प्रत्येक स्पर्शाला काही सेकंद जातात, आणि लहान वेल्ड असतील तर वाचवलेला वेळ तिथेच संपतो.

म्हणून क्रम असा बसतो: तक्ता आणि ड्रॉइंग, मग प्रेस ब्रेक, मग फिक्स्चर (तुकडे ठरल्या जागी धरून ठेवणारे साचे), आणि फिक्स्चरमध्ये हाताने वेल्डिंग सहा महिने सरळ चाललं की कोबॉट (माणसाशेजारी काम करणारा छोटा रोबो) किंवा रोबो. फिक्स्चर आधी करण्याचा फायदा असा की ती हाताच्या वेल्डिंगलाही लगेच उपयोगी पडतात. तुमच्याच लेझर कट पत्र्यांना खाचा आणि जीभ देऊन बरीच जुळवणी आपोआप होते. ते कॅडवाला मुलगा करेल. मोठ्या फिक्स्चरसाठी संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममधून टूल डिझाइन शिकलेली मुलं फार चांगली तयार होऊन येतात.

रोबो येईल तेव्हा तो चालवायला बाहेरचा इंजिनिअर शोधू नका. तुमच्याकडचा सगळ्यात चांगला वेल्डर निवडा. टॉर्चचा कोन, वेग, कुठून सुरू केलं तर पत्रा कमी ओढला जाईल, हे ज्याला कळतं त्याला बटणं शिकवता येतात. उलटं करायला फार वर्षं लागतात. बेंडिंगच्या मिस्त्रीचंही तसंच. नवीन मशीन येतंय म्हटल्यावर त्याला पहिला प्रश्न स्वतःच्या नोकरीचा पडणार. त्याला आधीच सांगा की हे मशीन तोच चालवणार, आणि मशीन बघायला जाताना त्याला सोबत न्या. कोणता पत्रा कसा उसळतो हे त्याला ठाऊक आहे, ते कंट्रोलरमध्ये तोच भरेल.

पैशाबाबत दोन ओळी. उद्यम नोंदणी असेल तर सीजीटीएमएसईच्या (लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या) हमीवर तारणाशिवाय कर्जासाठी बँकेला विचारा. १ एप्रिल २०२५ पासून त्या हमीची मर्यादा १० कोटींपर्यंत आहे, त्यामुळे घर गहाण टाकायची घाई करू नका. मशीनवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट घ्यायचं असेल तर त्या जीएसटीच्या रकमेवर घसारा धरता येत नाही, हे सीएला आधीच सांगून ठेवा. आणि सगळे ४० लाख मशीनवर लावू नका. टूलिंग, फाउंडेशन, वाढीव वीजभार आणि मशीन स्थिर होईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांचं खेळतं भांडवल त्यातूनच काढायचं आहे.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याच्या शोरूममध्ये त्याचा नमुना बघून परत येऊ नका. तुमचाच पत्रा, तुमचंच सगळ्यात त्रासदायक कॅबिनेटचं ड्रॉइंग घेऊन जा. अडीच मीटरचा बेंड घ्या आणि कोन दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. तासभर मशीन चालू द्या, तेल गरम होऊ द्या, मग तोच प्रोग्राम हात न लावता पुन्हा चालवा आणि पुन्हा मोजा. तिन्ही जागी आणि दोन्ही वेळा अर्ध्या अंशाच्या आत राहिलं तर पुढचं बोला. करारात लिहून घ्या की शेवटचा हप्ता तुमच्या शॉपमध्ये हीच चाचणी पास झाल्यावर मिळेल, ट्रेनिंग तुमच्या जॉबवर होईल, आणि बिघाड झाला तर पुण्यातला सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत येईल. तो पुण्यात राहतो का, हे त्याच्या आधीच्या दोन ग्राहकांना फोन करून विचारा.